न्यूमोनियावरच्या सुईचा मागोवा: रँडच्या खाणींतून भिलाईपर्यंत

भिलाईत अंगणवाडीवर लसीकरणाचा दिवस असला की सकाळपासून बायका कडेवर बाळं घेऊन येऊन बसतात. मितानिननं, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीनं, आदल्या दिवशी घरोघर फिरून निरोप दिलेला असतो. दीड महिन्याच्या बाळाला त्या दिवशी तोंडातून थेंब मिळतात आणि तीन सुया. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या दंडावर पोलिओची, आणि उजव्या मांडीत अर्धा मिलिलिटर पीसीव्ही. ही उजव्या मांडीतली सुई चौदाव्या आठवड्याला पुन्हा मिळते आणि नवव्या महिन्यात बूस्टर म्हणून तिसऱ्यांदा.

पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकस या जिवाणूवरची लस. न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूंमध्ये हा सर्वांत आघाडीवरचा. त्याची आणि बाळाची गाठ पडण्याआधीच बाळाच्या रक्तात त्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करवून ठेवायची, एवढंच या सुईचं काम. या अर्ध्या मिलिलिटरमागं शंभर वर्षांहून मोठी वंशावळ आहे. तिच्यात बर्लिनचे ससे आहेत, परळच्या प्रयोगशाळेतली माणसं आहेत, जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींतले मजूर आहेत, पुण्याजवळची घोड्यांची पागा आहे. ती ओळीनं वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रतिपिंडांच्या जोरावर फुप्फुस राखायची ही विद्या कामगारांच्या दंडांवर तपासून पक्की झाली. भिलाई हे कामगारांचं गाव. आणि इथल्या ज्या कामगाराला तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचं नाव आज कुठल्याही यादीत नाही.

कवचातला जिवाणू

१८८१ साली दोन माणसांना एकमेकांच्या नकळत हा जिवाणू सापडला. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांना पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं दगावलेल्या मुलाच्या लाळेत, आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या लष्करी डॉक्टरला स्वतःच्याच लाळेत. ती लाळ सशाला टोचली की ससा मरायचा. स्टर्नबर्ग ठणठणीत होता आणि तरीही त्याच्या तोंडात हा जिवाणू होता, हे या रोगाचं पहिलं रहस्य. धडधाकट माणसांच्या नाकाघशात तो मुक्कामाला असतो. शरीराची राखण ढिली पडली की फुप्फुसात उतरतो.

प्रतिजैविकं नव्हती त्या काळातला न्यूमोनिया डॉक्टरांना पाठ होता. थंडी वाजून ताप, बरगडीत कळ, गंजाच्या रंगाचा बेडका. ताप दिवसचे दिवस उतरायचा नाही. मग साधारण सातव्या दिवसाच्या आसपास, काही तासांत, दरदरून घाम येऊन ताप एकदम खाली यायचा आणि रोगी वाचायचा, नाहीतर जायचा. घरच्यांनी ती रात्र उशाशी बसून काढायची, दुसरं हातात काही नसे. त्या रात्री रक्तात नेमकं काय घडतं याचं उत्तर बर्लिनच्या गेओर्ग आणि फेलिक्स क्लेम्पेरर या भावांनी १८९१ मध्ये दिलं. न्यूमोकोकसमधून वाचलेल्या सशाच्या रक्तातलं सीरम त्यांनी दुसऱ्या सशाला टोचलं, तर तोही वाचला. आजारातून उठलेल्या माणसाच्या सीरममध्येही हा गुण त्यांना आढळला. म्हणजे वाचवणारी वस्तू रक्तातच तयार होत होती, तिला जमायला तेवढे दिवस लागत होते. आधीच्याच वर्षी बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प आणि धनुर्वातासाठी हेच तत्त्व मांडलं होतं. क्लेम्पेरर बंधूंनी ते फुप्फुसाच्या दारात आणलं.

न्यूमोकोकसभोवती शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचं एक बुळबुळीत कवच असतं. त्यामुळं रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो धरताच येत नाही. अंगाला तेल चोपडून आखाड्यात उतरलेल्या पैलवानावर पकड बसत नाही, तसंच. प्रतिपिंड म्हणजे त्या अंगावर टाकलेली हौद्यातली मूठभर माती. ते कवचाला चिकटतं, त्याच्यावर पूरक प्रथिनं येऊन बसतात, आणि मग पांढरी पेशी त्याला घट्ट धरून गिळते.

हे चिकटणं डोळ्यांनी पाहता येतं. १९०२ साली बर्लिनमध्येच फ्रेड नॉयफेल्ड यांनी ते दाखवलं. काचपट्टीवर बेडक्याचा कण, त्यावर प्रतिपिंडं असलेल्या सीरमचा थेंब, जरासा निळा रंग, वर पातळ काच. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-दोनच्या जोडीतले जिवाणू निळे दिसतात. सीरम त्यांच्याशी जुळणारं असेल तर थोड्याच वेळात प्रत्येक जोडीभोवती फुगल्यासारखी ठळक, चकचकीत कड उमटते. जुळणारं नसेल तर काहीच होत नाही. पुढं उघड झालं, की न्यूमोकोकस एक नसून त्याच्या अनेक जाती आहेत, प्रत्येकीचं कवच निराळं, आणि एकीची प्रतिपिंडं दुसरीवर सहसा चालत नाहीत. आज अशा शंभराच्या आसपास जाती माहीत आहेत. पुढच्या सगळ्या इतिहासातली अडचण हीच राहिली.

परळचा प्लेग

याच काळात मुंबईत फुप्फुसाचा दुसरा जिवाणू थैमान घालत होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. गाठीचा प्लेग सर्वांना दिसत होता. पण गाठ न येता, नुसत्या खोकल्यानं आणि तापानं दोन-चार दिवसांत माणूस मरतो तोही प्लेगच, हे मुंबईतच डॉ. एल. एफ. चाइल्ड यांनी दाखवलं. फुप्फुसाच्या प्लेगाची आधुनिक वैद्यकातली ओळख या शहरातून झाली.

त्यावर प्रतिपिंडांचे दोन्ही मार्ग मुंबईत एकाच वेळी तपासले गेले. पहिला मार्ग आयत्या प्रतिपिंडांचा. प्लेगचा जिवाणू शोधणारे अलेक्झांडर येर्सिन मार्च १८९७ मध्ये घोड्याचं सीरम घेऊन मुंबईत आले. फ्लॉरेन्सच्या लुस्टिग यांचं सीरमही आर्थर रोडच्या रुग्णालयात वापरलं गेलं, तिथले डॉ. नसरवानजी चोकसी त्याच्या नोंदी ठेवत होते. उपयोग झाला, पण मनासारखा नाही. दुसरा मार्ग शरीराकडूनच प्रतिपिंडं करवून घेण्याचा. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मारलेल्या प्लेग-जिवाणूंची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. गाठीच्या प्लेगात ती लस कामाला आली. फुप्फुसाच्या प्लेगावर तिची मात्रा फारशी चालली नाही. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली.

मुंबईच्या या प्रयोगांची तपासणी करायला १८९८ मध्ये भारतीय प्लेग आयोग आला. त्यातले एक सभासद होते अल्मरॉथ राइट, ब्रिटिश लष्करात विषमज्वराची लस आणणारे. हाफकिन यांची टोचणी त्यांनी जवळून पाहिली. पुढं १९०३ मध्ये सीरममुळं पांढऱ्या पेशी जिवाणू गिळायला तयार होतात, हे स्टुअर्ट डग्लस यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं. हाच राइट आपल्या गोष्टीला मुंबईहून दक्षिण आफ्रिकेत नेतो.

रँडचे मजूर

जोहान्सबर्गच्या रँड भागातल्या सोन्याच्या खाणींना माणसं कमी पडत. ती मध्य आफ्रिकेतून, मोझांबिकमधून आणली जात. उबदार मुलखातली, गावातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली ही तरुण माणसं वसतिगृहांत दाटीवाटीनं झोपत. दिवसा जमिनीखाली घाम गाळत आणि वर येताच बोचऱ्या वाऱ्यात उभी राहत. न्यूमोनिया त्यांना धडाधड नेत होता. खाणमालकांना चिंता पडली ती मुख्यतः मजुरांच्या पुरवठ्याची. १९११ मध्ये त्यांनी राइट यांना बोलावलं. राइट यांनी मारलेल्या न्यूमोकोकसची लस हजारो मजुरांना टोचली. पण जाती वेगवेगळ्या असतात ही गोष्ट त्यांनी हिशेबात धरली नव्हती, मात्राही कमी होती. परिणाम तोकडा निघाला. १९१३ मध्ये सरकारनं बावीस अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडच्या मजुरांची भरतीच बंद केली.

राइट यांच्यानंतर तिथं स्पेन्सर लिस्टर उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत त्यांनी खाणीतल्या न्यूमोकोकसच्या जाती एकेक करून वेगळ्या केल्या आणि नेमक्या त्याच जाती घालून लस बनवली. त्याच सुमारास पनामा कालव्यावर काम केलेले विल्यम गॉर्गस पाहणीला आले. त्यांनी सांगितलं, की गर्दी कमी करा, मजुरांना मोकळी घरं द्या. न्यूमोनियाविरुद्धचे हे दोन उपाय, सुई आणि मोकळी हवा, त्या खाणीत पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडले गेले. मालकांना सुई स्वस्त पडत होती. ज्यांच्या दंडावर ही विद्या शिकली गेली, ते मजूर शोधनिबंधांच्या तक्त्यांत आकडे होऊन उरले.

घोडा, ससा आणि साखर

न्यूयॉर्कला रॉकफेलर संस्थेचं रुग्णालय १९१० मध्ये उघडलं. त्याचे प्रमुख रूफस कोल यांनी न्यूमोनिया हाच मुख्य विषय घेतला. त्यांच्या माणसांनी १९१३ मध्ये न्यूमोकोकसचे पहिला, दुसरा, तिसरा असे प्रकार पाडले आणि उरलेले सगळे चौथ्या गटात घातले. पहिल्या प्रकारावर घोड्याचं सीरम चांगलं चाले. तिसऱ्यावर जवळजवळ चालतच नसे.

हा उपचार सोपा नव्हता. रोगी दाखल झाला की बेडक्याची जात ठरवायची. सुरुवातीला त्यासाठी उंदराला बेडका टोचून तासन् तास थांबावं लागे. मग घोड्याच्या सीरमची वावडी तर नाही ना, हे पाहायचं. मग शिरेतून शंभर मिलिलिटरपर्यंत सीरम, दर आठ तासांनी, ताप उतरेपर्यंत. दहा-बारा दिवसांनी अनेकांना पुन्हा ताप, अंगावर गांधी, सांध्यांत कळा. तरीही सीरम वेळेवर मिळालेल्या पहिल्या प्रकारच्या रोग्यांतले मृत्यू बरेच कमी झाले. पुढं सीरम गाळून दाट करण्याची रीत निघाली, घोड्याऐवजी सशाचं सीरम आलं, नॉयफेल्ड यांच्या काचपट्टीनं उंदराचं काम काही मिनिटांवर आणलं. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क राज्यांनी न्यूमोनियाच्या सीरमसाठी सरकारी यंत्रणाच उभी केली.

रॉकफेलरमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी होते. न्यूमोकोकसचं कवच आयुष्यभर त्यांच्या टेबलावर होतं. १९२३ मध्ये मायकेल हायडेलबर्गर यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं, की कवच प्रथिनाचं नाही, शर्करेचं आहे. शर्करेविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात, हे त्या वेळी कुणाला पटेना. १९३१ मध्ये एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी ही साखर प्रथिनाला रासायनिक रीतीनं जोडून सशाला टोचली. नुसत्या साखरेपेक्षा कितीतरी बळकट प्रतिपिंडं तयार झाली. भिलाईच्या बाळाच्या उजव्या मांडीत जाते ती हीच युक्ती. दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर नुसत्या शर्करेला दाद देत नाही. साखर प्रथिनावर स्वार होऊन आली की टी-पेशी मदतीला धावतात आणि आठवण टिकते. याच कवचाचा पाठपुरावा करताना १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांना आनुवंशिकता डीएनएमध्ये असते याचा पुरावा सापडला. न्यूमोनियाच्या बेडक्यातून जीवशास्त्राला मिळालेली ही सर्वांत मोठी देणगी.

१९५५

मग औषधं आली. १९३८ मध्ये बर्मिंगहॅमच्या इव्हान्स आणि गेसफर्ड यांनी एम अँड बी ६९३ ही सल्फाची गोळी न्यूमोनियाच्या रोग्यांना देऊन पाहिली. गोळी न घेतलेल्यांत मृत्यू २७ टक्के, घेतलेल्यांत ८. परळलाही हेच वळण आलं. हाफकिनचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी बी. बी. दीक्षित यांनी प्लेगावर सल्फा औषधांचे प्रयोग करून १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. हेच दीक्षित पुढं दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. गोळीला जात ओळखावी लागत नव्हती, घोडा पाळावा लागत नव्हता. दहा वर्षांत न्यूमोनियाचं सीरम दवाखान्यांतून नाहीसं झालं.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. एकाच वर्षी नव्या देशानं स्वतःचं लोखंड आणि स्वतःचं औषध करायला घेतलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशा, विदर्भ, सगळीकडून माणसं इथं आली आणि सेक्टरांमध्ये वसली. सेक्टर नऊचं मोठं रुग्णालय त्या वसाहतीचा आधार झालं. हे शहर पेनिसिलिनच्या भरवशाच्या काळात जन्मलं. छातीत कफ दाटला, ताप चढला, की इंजेक्शन घ्यायचं आणि पाळीवर परत जायचं. न्यूमोनिया आता माणसं मारत नाही, अशीच त्या पिढीची समजूत होती.

परत खाणीकडे

ही समजूत ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी मोडली. रक्तात न्यूमोकोकस उतरलेल्या रोग्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९६४ मध्ये जेरोम गोल्ड यांच्यासह निष्कर्ष मांडला: आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे मरतात, त्यांना पेनिसिलिन जवळजवळ वाचवत नाही. औषध जिवाणू मारतं, पण तोवर झालेली पडझड भरून येत नाही. अशा माणसासाठी प्रतिपिंडं आधीच रक्तात असली पाहिजेत.

लस कागदावर होती. १९४४-४५ मध्ये मॅक्लिऑड आणि हायडेलबर्गर यांनी अमेरिकेतल्या सू फॉल्सच्या लष्करी छावणीत चार जातींच्या शर्करेची लस सुमारे सतरा हजार जवानांपैकी निम्म्यांना दिली होती. त्या चार जातींचा न्यूमोनिया टोचलेल्यांत जवळजवळ थांबला, आणि न टोचलेल्या सोबत्यांतही कमी झाला. पण पेनिसिलिनच्या धडाक्यात ती लस खपली नाही, कंपनीनं परत घेतली. ऑस्ट्रियन यांना नव्यानं सुरुवात करायची होती. जिथं न्यूमोनिया भरपूर आणि तरुण माणसं दाटीनं राहतात, अशी जागा हवी होती. ते गेले दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत, राइट आणि लिस्टर यांच्या साठ वर्षांनी, वर्णभेदाच्या राजवटीतल्या मजूर-वसतिगृहांत. तेरा जातींच्या लसीनं त्या जातींचा न्यूमोनिया ७८ टक्क्यांच्या आसपास घटवला. त्यावरून १९७७ मध्ये अमेरिकेत चौदा जातींच्या लसीला परवाना मिळाला, १९८३ मध्ये तेवीस जातींच्या. या तेवीस जातींच्या लसीचं मूळ खाणमजुरांचं आहे, हे विसरायचं नाही.

मुलांसाठी एव्हरींची जोडणी पुन्हा बाहेर काढावी लागली. २००० मध्ये सात जातींची पहिली जोड-लस अमेरिकेत आली.

गडचिरोली, नागपूर, हडपसर

भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या पलीकडं मानपूर ओलांडलं की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथं अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८८-८९ मध्ये १०२ गावांत न्यूमोनियाची मोजणी केली. गावच्या दायांना बाळाचा श्वास मोजायला आणि छाती आत ओढली जातेय का ते पाहायला शिकवलं, हाती सल्फाचं जोडऔषध दिलं. ज्या गावांत हे झालं नाही तिथं पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं १७.५ मुलं न्यूमोनियानं दगावली. जिथं झालं तिथं ८.१. निम्म्याहून जास्त मृत्यू टळले. आणि उपचार दारात पोचल्यावरही उरलेले ८.१ हे सांगत होते, की औषधाच्या आधीची राखण लागणार.

कुठली राखण, हे भारतातल्या जातींवर ठरणार होतं. १९९० च्या दशकात देशातल्या सहा केंद्रांत न्यूमोकोकसच्या जातींची पाहणी झाली. त्यांत नागपूरही होतं. आपल्याकडं १ आणि ५ या जाती ठळक दिसल्या. अमेरिकेच्या सात जातींच्या लसीत या दोन्ही नव्हत्या. परदेशी लस जशीच्या तशी आणून भागणार नव्हतं.

इथं घोडे परत गोष्टीत येतात. हाफकिन संस्थेला प्रतिविषांसाठी घोडे लागत, आणि पूनावाला कुटुंबाच्या पुण्याजवळच्या पागेतले शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथं जात. त्या घोड्यांच्या रक्तातून सीरम काढतात तर ते आपणच का काढू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. पहिली उत्पादनं धनुर्वाताच्या सीरमसारखी होती. घोड्याच्या सीरमपासून निघालेल्या या संस्थेनं ‘पाथ’ ही आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांच्या मदतीनं दहा जातींची जोड-लस केली: १, ५, ६ए, ६बी, ७एफ, ९व्ही, १४, १९ए, १९एफ, २३एफ. प्रत्येक जातीचे जिवाणू वेगळे वाढवायचे, प्रत्येकाची साखर वेगळी काढून शुद्ध करायची, प्रत्येक साखर प्रथिनाला वेगळी जोडायची, आणि मग दहा लसी एका कुपीत आणायच्या. गांबियाच्या बाळांमध्ये तिची मोठी चाचणी झाली. डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या लसीला, ‘न्यूमोसिल’ला, मान्यता दिली. २८ डिसेंबर २०२० ला ती भारतात आली. देशाच्या कार्यक्रमात पीसीव्ही मे २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली होती. २०२१ मध्ये ती देशभर पोचली. श्रीमंत देशांत एकवीस वर्षं आधीपासून मिळणारं संरक्षण दुर्ग जिल्ह्यातल्या बाळालाही फुकट मिळू लागलं. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वेल्डरचा दंड

आता या वंशावळीतली सुटलेली कडी.

भिलाईत कारखान्याचं कॅपिटल रिपेअर निघालं की शेकडो ठेका कामगार आत जातात. बाहेर हथखोजच्या औद्योगिक भागात आणि नंदिनी रोडच्या कडेनं शेडच्या शेड वेल्डिंगनं पेटलेली असते. वेल्डर गुडघ्यावर बसतो, एका हातात होल्डर, दुसऱ्यात काच. इलेक्ट्रोड टेकला की निळा झोत, आणि सांध्यावरून वर चढणारा राखाडी धूर सरळ त्याच्या नाकाशी. वितळलेल्या लोखंडाची वाफ हवेत थिजून झालेला हा धूर. त्याचे कण इतके बारीक की थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

इंग्लंडमध्ये मृत्युनोंदींत विसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसत होतं, की वेल्डर न्यूमोनियानं जास्त मरतात. डेव्हिड कॉगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते नीट मांडलं: कामाच्या वयातल्या वेल्डरांत न्यूमोनियाचे मृत्यू अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. निवृत्तीच्या वयानंतर मात्र हा फरक नाहीसा होतो. म्हणजे धोका माणसात नाही, धुरात आहे. धूर थांबला की धोका ओसरतो. पुढच्या संशोधनात दिसलं, की हा धूर फुप्फुसाच्या पेशींवरच्या एका ग्राहकाची संख्या वाढवतो, आणि न्यूमोकोकस नेमका त्यालाच धरून आत शिरतो. गेल्या दशकात बेलफास्टच्या, नॉर्वेच्या आणि २०१९ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूच्या जहाजबांधणी आवारांत न्यूमोकोकसच्या साथी आल्या. या देशांत मुलांना वर्षानुवर्षं जोड-लस दिली जात होती. तरी आवारातले कामगार सापडले. मुलांच्या लसीची सावली वेल्डरपर्यंत पुरत नाही, याचा हा धडधडीत पुरावा.

ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं वेल्डरांमधल्या वाढीव धोक्यावरून वेल्डर आणि धातूच्या धुरात सतत राहणाऱ्यांना न्यूमोकोकल लस देण्याची शिफारस केली. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस बाळांसाठी आहे, कामगारांसाठी नाही. तेवीस जातींची लस भारतात विकत मिळते, पण रोजंदारीवरचा वेल्डर ती आपल्या खिशातून घेईल कशी, आणि घ्यावी हे त्याला सांगणार कोण?

कामगारानं स्वतःच्या आरोग्याचा हिशेब मागायचा, ही या मुलखाला नवी गोष्ट नाही. दल्ली-राजहराच्या खाणमजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. १९७७ च्या गोळीबारात पडलेल्या साथींचं नाव त्याला दिलं. त्या रुग्णालयानं दाखवलं, की मजुराच्या छातीचा प्रश्न हा मजुरीचाच प्रश्न आहे.

म्हणून मागणी साधी आहे. गॉर्गस यांनी रँडला सांगितलं ते आधी करायचं: शेडमध्ये धूर ओढून घेणारी यंत्रणा, चांगला मुखवटा, कोंदट टाकीत काम असेल तर हवा. वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये ठरवलं आहे. तेव्हा धूर आवरण्याला लस हा पर्याय होऊच शकत नाही. त्याच्या जोडीला, कामगारांच्या ठरावीक मुदतीनं होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत वेल्डर आणि गॅस कटर यांना न्यूमोकोकल लस द्यायची, कायम आणि ठेका असा भेद न करता. छातीनं आजारी पडलेल्या वेल्डरच्या रक्तात सापडलेला न्यूमोकोकस कुठल्या जातीचा, हे इथल्या रुग्णालयांनी नोंदवायचं, म्हणजे पुढची लस अंदाजानं निवडावी लागणार नाही.

जिवाणू औषधांना निबर होत चालले आहेत, आणि जग पुन्हा प्रतिपिंडांकडे वळतं आहे. प्रयोगशाळेत एकाच साच्याची प्रतिपिंडं घडवून ती आयती टोचण्याची वाटही उघडली आहे; श्वासातून शिरणाऱ्या अँथ्रॅक्सवर अशा औषधाला अमेरिकेनं २०१२ मध्ये मान्यता दिली. या विद्येचे पुढचे प्रयोग होतील, पुढच्या चाचण्या होतील, आणि त्यांसाठी पुन्हा कुणाचे तरी दंड लागतील. रँडच्या मजुरांकडून जगानं जे शिकून घेतलं ते बाळांपर्यंत पोचायला शंभर वर्षं लागली. कामगारापर्यंत पोचायला आता शास्त्राची वाट पाहायची गरज नाही. लस आहे, पुरावा आहे, तपासणीची रीत आहे. भिलाईनं ठरवलं तर देशात हे पहिल्यांदा इथंच होऊ शकतं, आणि ते भिलाईनंच करायला हवं.